शंभर हात होईपर्यंत

त्रेसष्टाव्या हाताला तो गोठ्यात शिरला.

ती मोजत होती, म्हणून आकडा पक्का. पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. पत्र्यावर बारीक पाऊस टिपटिपत होता, अठरा गाई डोळे मिटून रवंथ करत होत्या, आणि मौनीच्या मानेवर तिचा खरारा वरून खाली, वरून खाली चालला होता — साठ, एकसष्ट, बासष्ट... तेवढ्यात दारात धप्पकन आवाज झाला. खांद्यावरची पिशवी सावरत, उजव्या गुडघ्याला शेण माखून, एक उंच तरुण उठून उभा राहिला.

“नमस्कार,” तो काहीच झालं नाही अशा थाटात म्हणाला. “मोठा गोठा हाच ना?”

चौसष्ट.

“दोनशे गाईंचा?” त्याने इकडून तिकडे नजर फिरवली. “बाकीच्या... चरायला गेल्यात का?”

पासष्ट. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, पण हात थांबला नाही.

तो जवळ आला. गाईकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. “छान आहे हो ही. नाव काय हिचं?”

सहासष्ट. सदुसष्ट.

आता मात्र तो गोंधळला. हिला ऐकू येत नसावं, असं त्याला वाटलं असणार, कारण त्याने आवाज चढवला आणि हातवारे सुरू केले. “मी! पट्टे! गाईच्या! गळ्यात!” स्वतःच्याच गळ्याभोवती हात फिरवून त्याने असा काही अभिनय केला की पलीकडची म्हातारी गाय रवंथ थांबवून बघत राहिली. “ऐकू... येतं... का?”

तिला हसू दाबताना नाकात कळ आली. पण ती बोलली नाही. बोलणारच नव्हती.

तिचा नेमच तसा होता. रोज पहाटे हातपाय धुवायचे, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मौनीला शंभर हात खरारा करायचा. शंभर पुरे होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पाच वर्षं झाली होती. मौनी तीन दिवसांची पोरकी कालवड होती तेव्हा बाटलीला तोंड लावत नव्हती. वडील म्हणाले होते, “मान खाजव तिची. आईची जीभ समजून पिईल. शंभर हात तरी फिरव, आणि बोलू नकोस, बिचकते ती.” शंभराव्या हाताला वासराने बाटली ओढली. पुढच्या वर्षी वडील गेले. शंभर हात मागे राहिले.

“शंभर,” ती हलकेच म्हणाली आणि खरारा खाली ठेवला. मग वळली. “हा मोठा गोठा नाही. तो रस्त्याच्या पलीकडे, निळ्या फाटकाचा. आमच्या गाई कुठंही चरायला गेलेल्या नाहीत, आहेतच अठरा. हिचं नाव मौनी. मला चांगलं ऐकू येतं. आणि तुमच्या गुडघ्याला शेण लागलंय.”

त्याने गुडघ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “सगळे प्रश्न... क्रमाने लक्षात ठेवलेत?”

“मोजायची सवय आहे. आता माझा प्रश्न. पट्टे कसले?”

त्याने पिशवीतून एक काढून दाखवला. जाड पट्टा, त्याला काडेपेटीएवढी काळी डबी. गाय किती हलते, किती रवंथ करते, मान कशी फिरवते, सगळं ती डबी टिपून ठेवायची. “आणि मग गाय... म्हणजे तिची ती वेळ आली... की फोनवर कळतं.” ‘ती वेळ’ म्हणताना त्याने पत्र्याकडे बघितलं.

“माजावर आली की,” ती सरळ म्हणाली.

“हो, तेच.”

“मुका माज ओळखतो का तुमचा पट्टा?”

आता त्याने पत्र्यावरून नजर काढली आणि नीट तिच्याकडे बघितलं. एवढा नेमका प्रश्न त्याला कुठल्याच गोठ्यात कुणी विचारला नव्हता. “म्हणजे गाय हंबरत नाही, दुसरीवर उड्या घेत नाही, बाहेरून काहीच दाखवत नाही, तसा?”

“तसाच. ही अशी आहे.” तिने मौनीच्या कपाळावर हात ठेवला. “एकच वेत झालं, एकदाच व्यायली. त्याला पावणेदोन वर्षं झाली. नंतर हिचा माज कुणी पाहिलाच नाही. घरात म्हणतात, भाकड झाली, विकून टाका. मी म्हणते, ही येते माजावर; आपल्यालाच कळत नाही.”

“पट्टा ओळखतो,” तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, “बहुतेक.”

“किती आहेत पिशवीत?”

“सहा. नमुन्याचे. चाळीस दिवस वापरून बघायला देतो आम्ही. पण ते पलीकडच्या...”

“दोनशे गाईंना सहा पट्टे म्हणजे दर्यामे खसखस,” ती म्हणाली. आवाज एवढा मऊ, की हुकूम आहे हे त्याला उशिराच कळलं. “इथं लावा.”

त्याने लावले.

—

घरात अर्थातच महाभारत झालं.

वडील गेल्यापासून घराचा कारभार धाकट्या काकांकडे होता. माणूस वाईट नव्हता. पण आपण ठरवलं म्हणजे सूर्यानेही तिकडूनच उगवावं, असा खाक्या. गाईंच्या गळ्यातल्या डब्या बघून ते गोठ्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“हे काय? गुरांना घड्याळं?”

“माज कळतो त्याने, काका.”

काकांनी चटकन मागे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. “अगं, हळू! मुलीच्या जातीने असले शब्द... आणि तेही त्या परक्या पोराबरोबर! लोक काय म्हणतील?”

“गाईच्या माजाला माजच म्हणतात, काका. दुसरा शब्द असला तर सांगा, उद्यापासून तो वापरते.”

धार काढत बसलेल्या आईने बादलीत तोंड घातलं. दूध फसफसलं, की आई हसली, ते कळलं नाही.

“आणि कळायला यंत्र कशाला?” काकांनी मोर्चा बदलला. “तीस वर्षं गाई सांभाळल्या आम्ही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“मग सांगा ना. मौनी शेवटची माजावर कधी आली होती?”

काका मौनीच्या शिंगांकडे बघायला लागले.

“कांकण हातातच आहे, काका. पण दिसत नाही. म्हणून आरसा.”

तिने आवाज चढवला नव्हता. ती कधीच चढवायची नाही. फक्त जागची हलायची नाही. आणि याच गोष्टीने काकांचं डोकं तडकायचं, कारण ओरडणाऱ्या माणसाला ओरडून गप्प करता येतं. हळू बोलणाऱ्याचं काय करायचं?

“ठीक आहे!” ते शेवटी म्हणाले. “चाळीस दिवस ना? घे चाळीस दिवस. तेवढ्यात मौनीचा माज मला या डोळ्यांनी दाखव. दाखवलास, तर गाय राहिली, आणि गोठ्यात यापुढे तुझा शब्द. नाही दाखवलास, तर गाय व्यापाऱ्याच्या गाडीत, पट्टे त्या पट्टेवाल्याच्या पिशवीत, आणि तू गोठ्यात पाय ठेवायचा नाहीस. आहे कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

आईच्या बादलीतली धार थांबली होती. क्षणभराने पुन्हा सुरू झाली.

—

पट्टेवाला — काकांनी दिलेलं नाव त्याला चिकटलंच — दर दोन दिवसांनी यायला लागला. खांबावर पट्ट्यांचे संदेश पकडणारी एक डबी बसवली होती, तिची तपासणी करायला.

“काय झालंय डबीला?” ती विचारायची.

“काही नाही. काही झालं नाही ना, तेच बघायला आलो.”

“परवाही तेच बघितलंत.”

“परवाचं परवा. दोन दिवसांत माणसाचं मन बदलतं, डबीचं का बदलणार नाही?”

त्याने फोनमध्ये तिचं नाव ‘शंभर’ असं घातलं होतं. एकदा तिला ते दिसलं. घरी जाऊन तिने त्याचं नाव खोडलं आणि ‘निळं फाटक’ असं लिहिलं.

एका दुपारी पाऊस जोरात लागला आणि दोघं गव्हाणीच्या काठावर अडकून बसली. पत्रा एवढा वाजत होता की बोलायचं तर जवळ सरकावं लागत होतं... तो जरा जास्तच जवळ सरकला होता.

“तुमच्या यंत्राला माणसांचं कळतं का हो काही?” तिने विचारलं.

“नशीब कळत नाही. नाहीतर पहिला पट्टा माझ्याच गळ्यात बांधला असता कंपनीने.” तो पावसाकडे बघत म्हणाला. “या रस्त्याला लागलं की भूक कमी. फेऱ्या जास्त. मान उगाचच या गोठ्याकडे.”

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खाणं कमी, चालणं जास्त... ही कसली लक्षणं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? “डॉक्टरांना बोलवू का?” ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

“गुरांच्या?”

“लक्षणं तीच सांगताय.”

तो एवढ्या जोराने हसला, की पट्टा बांधलेल्या सहाही गाईंनी एकदम मान वर केली.

पहिला संदेश आला तो मात्र नेमका जेवणाच्या वेळी. काकांकडे एक बडे पाहुणे आले होते. सगळी मंडळी पानावर बसली होती. कोपऱ्यातल्या फळीवर ठेवलेला तिचा फोन खणखणीत बाईच्या आवाजात बोलला, “गाय क्रमांक चार माजावर आहे. गाय क्रमांक चार माजावर आहे.”

पाहुण्यांना ठसका लागला. काका ताटाकडे बघत पुटपुटले, “बंद कर ते... बंद कर आधी!”

ती उठली. हात धुतले. फोन उचलला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, डॉक्टरांना लावला. “डॉक्टरसाहेब, चार नंबरची माजावर आहे. संध्याकाळी येता का भरवायला?... हो, यंत्राने सांगितलं. मी जाऊन बघतेच.” मग पाहुण्यांकडे वळून शांतपणे म्हणाली, “पाणी घ्या. ठसका बरा नाही.”

संध्याकाळी डॉक्टर आले, गाय तपासली, म्हणाले, “वेळ अगदी बरोबर साधलीत.” दुसऱ्या दिवशी सकाळी काका चार नंबरच्या गळ्यातल्या डबीला कान लावून उभे असलेले आईने पाहिले. ती गोठ्याबाहेरच थांबली. मोठ्या माणसाची अशी वेळ मोडू नये.

पंधरा दिवसांत पट्टा बांधलेल्या बाकीच्या पाचही गाईंचे संदेश येऊन गेले. मौनीचा नाही.

एकवीस दिवस झाले. बावीस. तेवीस.

—

चोविसाव्या दिवशी तो आला तेव्हा डबीकडे गेलाच नाही. फोन पुढे धरून सरळ तिच्याकडे आला.

“हे बघा. ही मौनीची रेघ. रोज पहाटे साडेपाचला एक उंच डोंगर. वीस मिनिटं. मग सपाट. रोज! एकाही दिवसाचा खाडा नाही. या वेळी हिला काय होतं?”

तिने रेघेकडे बघितलं. मग हातातल्या खराऱ्याकडे. तिला कळलं.

“मीच,” ती म्हणाली.

“तुम्हीच.” तो हळू झाला. “यंत्र प्रत्येक गाईला तिच्या स्वतःच्याच मागच्या दिवसांशी ताडून बघतं. रोजच्यापेक्षा वेगळं झालं तरच ओरडतं. तुम्ही मानेला खरारा केला की मौनी सुखाने मान घुसळते, पट्टा थडथड हलतो. यंत्र समजतं, हिची पहाट अशीच असते. आता अठरावा दिवस बघा... डोंगर तासभर जास्त चाललाय. रवंथही कमी. मला वाटतं, त्या दिवशी ती माजावर होती. पहाटेच आली आणि उजाडता उजाडता माज संपलासुद्धा. यंत्राला वाटलं, खराराच चाललाय.”

पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

“म्हणजे माझ्याच हाताने मी तिच्यावर पांघरूण घातलं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुमचं यंत्र म्हणतंय.”

“अजून एक पाळी आहे आपल्या हातात. अठरा आणि एकवीस — एकोणचाळिसावा दिवस. फक्त तोवर तुम्ही खरारा बंद ठेवा. पंधराच दिवस...”

“नेम बंद ठेवायला घेतलेला नसतो.”

“मग गाय जाईल!”

“जाऊ देणार नाही.”

“अहो, पण दोन्ही कसं जमायचं? हट्टालाही काही...” तो थांबला, पण शब्द सुटला होता.

तिने खरारा खुंटीला अडकवला. “तुम्हाला मोठ्या गोठ्यात जायचं होतं ना? रस्त्याच्या पलीकडे. निळं फाटक.”

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. खांबावरच्या डबीला, बघा, काहीसुद्धा झालं नाही.

आणि तिसऱ्या पहाटे हात वर नेऊन ती थांबली. मौनीने सवयीने मान पुढे केली होती. वडिलांनी मान का सांगितली होती? वासराला आईची जीभ मानेवर लागते म्हणून. पण आता मौनी वासरू कुठे राहिली होती? ती नाही का आई होऊन गेली? शंभर हात देवासमोर बोललेले. ते कुठे फिरवायचे, हे काही बोललं नव्हतं. माया जागची हलवली म्हणून कमी होते थोडीच!

ती मागे गेली आणि मौनीच्या पाठीवर, शेपटाच्या मुळापर्यंत, पहिला हात फिरवला. एक.

मौनीने मान वळवून असं काही बघितलं, की जणू कुणीतरी तिचं ताट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. पण मान स्थिर राहिली. दोन. तीन. गळ्यातली डबी हलली नाही.

शंभर झाल्यावर तिने निळ्या फाटकाला निरोप लिहिला : ‘खरारा मागे सरकवलाय. मान मोकळी आहे. डबी बघायला या.’

तासाभरात तो दारात होता. केसांतून पाणी गळत होतं. “काय झालंय डबीला?”

“काही नाही,” ती म्हणाली. “तेच बघायला बोलावलं.”

तो हसला, पण मग पिशवीशी उगाच चाळा करत राहिला. “एक सांगायचं होतं... कंपनीने मला दूरच्या भागात नेमलंय. चाळिसाव्या दिवशी निघायचं.”

तिने मान डोलावली.

“तुम्ही काहीच म्हणणार नाही?”

“मोजतेय.”

“काय?”

“दिवस,” ती म्हणाली, आणि चाऱ्याची पाटी उचलून आत गेली. पाठमोरी गेली, म्हणून तिचा चेहरा त्याला दिसला नाही. बरंच झालं.

—

एकोणचाळिसाव्या पहाटे ती तिसाव्या हाताला होती, तेव्हा फाटकाशी गाडी थांबली.

गाडीची मागची फळी आदळल्याचा आवाज. मग काका, आणि काकांच्या मागे दोर घेऊन व्यापारी — गुबगुबीत, झोप न झालेला, जांभया देणारा माणूस.

“आज बोलावलंय यांना,” काका तिच्याकडे न बघता म्हणाले. “उद्या त्यांची गाडी रिकामी नाही. एका दिवसाने काय फरक पडतो?”

पस्तीस. छत्तीस. तिचे ओठ घट्ट मिटलेले. हात त्याच लयीत चालला होता.

“अगं, बोल की काहीतरी!”

“भावजी, नेम चाललाय तिचा,” आई बादली खाली ठेवत म्हणाली. “शंभर झाल्यावर बोलेल.”

एक्केचाळीस... आणि खराऱ्याखाली मौनीची पाठ हलकेच खाली वाकली. शेपूट बाजूला झालं, आपणहून. बेचाळीस. पुन्हा तसंच. त्रेचाळीस... आणि शेपटाखालून काचेच्या तारेसारखा स्वच्छ, लांब, चिकट स्राव, माजाचा सोट, लोंबला आणि कंदिलाच्या उजेडात चमकला.

मौनी! अगं मौनी!

गाय मुकी, आणि तीही मुकी. जीभ दातांमागे धडका देत होती. एक शब्द उच्चारला की झालं असतं. पण पाच वर्षं ज्याने तिला उभं ठेवलं, ते ती एका व्यापाऱ्याच्या गाडीसाठी मोडणार नव्हती. गाय माजावर होती. माज काही साठ हातांत संपणार नव्हता. थांबू देत जगाला.

व्यापाऱ्याने दोर पुढे केला. ती एक पाऊल सरकली आणि गाय व दोर यांच्यामध्ये उभी राहिली. हात न थांबवता. अठ्ठावन्न. तो डावीकडे गेला, ती डावीकडे. तो उजवीकडे, ती उजवीकडे.

“ही पोरगी आहे की भिंत?” व्यापारी म्हणाला.

“भिंत परवडली,” काका म्हणाले.

एकाहत्तराव्या हाताला पट्टेवाला धावत आत आला. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली, हातात फोन. “काका, थांबा! संदेश अजून आला नाही, पण रेघ चढतेय... रवंथ थांबलंय तिचं. अर्धा तास द्या!”

“तू कोण अर्धा तास मागणारा? उद्या चाललायस ना?”

“नाही चाललो.” तो धापा टाकत होता. “आत्ताच कंपनीला कळवलं. हाच भाग द्या, नाहीतर पिशवी परत घ्या.” मग तो तिच्याकडे वळला. सगळ्यांच्या देखत. त्याचा आवाज आता अगदी हळू झाला होता. “मी पहिल्या दिवशी खरंच वाट चुकलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम चुकत आलो. मी... थांबू का? एवढंच सांगा.”

चौऱ्याऐंशी.

काकांचा आ वासलेला. आईने पदर तोंडाला लावलेला. पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या आणि खरारा चालला होता — खर्रर, खर्रर...

“किती झाले?” व्यापाऱ्याने आईला कुजबुजत विचारलं.

“एकोणनव्वद.”

“नव्वद,” व्यापारी मोजायला लागला. “एक्क्याण्णव... ब्याण्णव...” सत्त्याण्णवला काकाही नकळत ओठ हलवत होते.

“शंभर,” ती म्हणाली.

खरारा खाली ठेवला. हात पुसले. मग क्रमाने एकेकाकडे वळली.

“मामा, दोर गुंडाळा. ही गाय विकायची नाही. तुमची झोपमोड झाली, चहा घेऊन जा.

“काका, चाळीस दिवस म्हणजे चाळीस. आज एकोणचाळिसावा आहे. शब्द तुम्ही दिला होतात, तो तुम्हीच एका दिवसाने कापलात; मी नाही. आणि मौनी माजावर आहे. एक्केचाळिसाव्या हातापासून. इकडे या. या डोळ्यांनी दाखव म्हणाला होतात ना? बघा.”

काका आले. वाकले. तिने मौनीच्या पाठीवर नुसता तळवा ठेवला. पाठ वाकली, शेपूट बाजूला झालं. काका बराच वेळ वाकून राहिले. तीस वर्षं गाई सांभाळलेला माणूस तो. सोट ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती.

त्याच क्षणी गोठ्यातल्या फळीवरचा तिचा फोन खणखणला, “गाय क्रमांक सहा माजावर आहे.”

“कळलं, कळलं!” काका त्याच्यावर खेकसले. “सगळ्यांना दिसल्यावर उठतंय हे!” मग कंबर धरून सरळ झाले, आणि पुतणीकडे न बघता, पण पहिल्यांदाच विचारल्यासारखं म्हणाले, “डॉक्टरला... संध्याकाळी बोलवायचं ना?”

“संध्याकाळी. मी फोन करते. गोठ्यातलं आता मी बघते, असं ठरलंय.”

“ठरलंय,” काका म्हणाले. शब्द गिळायला जरा वेळ लागला, पण गिळला.

गाडी रिकामी गेली. गव्हाणीजवळ एक जण अजून उभा होता, चुकलेल्या बटणांचा.

“माझ्या प्रश्नाचं राहिलं,” तो म्हणाला.

“क्रमाने घेतेय.” तिने मौनीच्या गळ्यातला पट्टा नीट केला. “आज भरवली, की गाय उलटून पुन्हा माजावर येते की गाभण राहते, ते एकवीस दिवसांनी कळेल. तोवर पट्टा काढता येणार नाही.”

“म्हणजे एकवीस दिवस थांबू?”

“उलटली तर पुढचे एकवीस.”

“आणि राहिली तर?”

“मग नऊ महिने.”

तो एक पाऊल जवळ आला. “आणि त्यानंतर?”

“त्यानंतर वासरू होईल.” तिने आता वर बघितलं, सरळ त्याच्या डोळ्यांत. सगळा गोठा ऐकत होता, ऐकू दे. “मौनीचे शंभर, वासराचे शंभर... मी एकटीने कुठवर मोजायचे?”

आणि तिने खरारा त्याच्या हातात दिला. “मानेलाच करा. आज यंत्राचं काम झालंय.”

त्याने हात वर नेला, अगदी जपून, जणू गाय काचेची होती. “एक...”

“मोठ्याने नाही. मनात.”

मौनीने डोळे मिटले आणि सुखाने मान पुढे केली. दाराशी गेलेले काका परत वळले. उगाच घसा खाकरला.

“काय रे पट्टेवाल्या, चहा घेणार का?”

उत्तर नाही. खर्रर, खर्रर.

“ऐकू येत नाही का याला?”

“येतं, भावजी,” आई बादली उचलत म्हणाली. “शंभर झाल्यावर बोलेल.”